भूकंपापलीकडचे लिस्बन

फातिमाच्या यात्रेला निघणाऱ्या आपल्याकडील मंडळींच्या कार्यक्रमपत्रिकेत लिस्बनच्या वाट्याला बहुधा एकच दुपार येते. विमानतळावरून बस थेट बेलेंच्या बुरुजापाशी थांबते, मठाच्या दारात सर्वांचे मिळून एक छायाचित्र निघते, तेथील प्रसिद्ध गोड वड्यांची चव घेतली जाते आणि दिवेलागणीच्या आत बस फातिमाच्या रस्त्याला लागते. सव्वाशे किलोमीटरचा तो पल्ला आहे. टूर चालविणाऱ्याचीही काही गणिते असतात. त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्या शहराच्या धक्क्यावरून दोन शतके आपल्या वसईचे कप्तान, न्यायाधीश, धर्मगुरू आणि हुकूमनामे येत राहिले, त्या शहराला एक दुपार देणे हे थोडे अन्यायाचे वाटते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने तहान्वये वसई आणि तिच्या आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली व १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या मधल्या दोनशेचार वर्षांत आपल्या पूर्वजांच्या भाताच्या खंडापासून त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नावापर्यंत अनेक गोष्टींचा धागा लिस्बनपर्यंत पोचत होता.

म्हणून ज्या कुटुंबांना शक्य असेल त्यांनी फातिमाच्या आधी लिस्बनसाठी चार दिवस काढावेत, असे मी आग्रहाने सुचवितो. तीन दिवसही चालतील. परंतु आखणी मात्र घरूनच करून निघावे. आखणी म्हणजे केवळ शेंगेन व्हिसा, तिकिटे आणि मुक्कामाची खोली नव्हे. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी पाहायची, हा खरा आखणीचा प्रश्न आहे. लिस्बनच्या बाबतीत तर तो फारच महत्त्वाचा ठरतो. कारण हे शहर एका सकाळी मोडले आणि नंतर ठरवून नव्याने बांधले गेले. जो हे लक्षात न घेता फिरतो त्याला जुने कोणते आणि नवे कोणते याचा उलगडाच होत नाही. तो बायशा भागातील सरळ रस्ते पाहून हे शहर जुने नाहीच असे म्हणतो आणि अल्फामाच्या बोळात शिरल्यावर गोंधळून जातो.

ती सकाळ १ नोव्हेंबर १७५५ ची. शनिवार होता आणि सकल संतांचा सण होता. त्या काळच्या लिस्बनमध्ये असा सण म्हणजे काय असेल याची कल्पना आपल्याला करता येते: घरातली सारी माणसे नवे कपडे घालून मिस्साला गेलेली, वेदींवर मेणबत्त्या लावलेल्या, घरी चुलीवर सणाचे जेवण ठेवलेले. साडेनऊच्या सुमारास जमीन हलू लागली. काही मिनिटांच्या अवधीत एकामागून एक असे तीन धक्के बसले. भरलेल्या चर्चांचे घुमट आणि दगडी कमानी खाली माना घालून प्रार्थना करणाऱ्यांवर कोसळल्या. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या शोधात नदीकाठच्या पटांगणाकडे धावले. तेजो नदीचे पाणी आधी मागे सरले आणि मग भिंतीसारखे उभे राहून शहरात शिरले. तिकडे पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेट घेतला होता. ती आग पाचसहा दिवस जळत राहिली. दोन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या शहरात किती माणसे मेली याचा नक्की आकडा कोणालाच सांगता आला नाही. अंदाज एकमेकांपासून फार वेगळे आहेत. राजघराणे त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होते म्हणून बचावले. राजा दों जुझे याला मात्र दगडी छताचा असा धसका बसला की पुढे १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यातच राहिला.

युरोपभर या भूकंपावर वाद झडले. ईश्वराने आपल्या भक्तांवर, तेही सणाच्या दिवशी, त्याच्याच मंदिरात हे का येऊ द्यावे, हा प्रश्न व्हॉल्तेरसारख्या टीकाकाराने विचारला. तसाच तो साध्या सश्रद्ध माणसांनीही विचारला असणार; त्यांच्या नावांची नोंद राहिली नाही एवढेच. शहरात दोन उत्तरे पुढे आली. येशूसंघीय धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी १७५६ मध्ये पुस्तिका लिहून सांगितले की हा पापांचा दंड आहे आणि लोकांनी निवारे बांधीत बसण्यापेक्षा आधी पश्चात्ताप करावा. राजाचा मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेला, त्याचे म्हणणे असे की मृतांना पुरावे, जिवंतांना अन्न द्यावे आणि घरे उभारावीत. मला विचाराल तर या वादात मंत्र्याची बाजू मला अधिक ख्रिस्ती वाटते, जरी मंत्री स्वतः फारसा दयाळू माणूस नव्हता. मालाग्रिदांना त्याने आधी शहराबाहेर घालविले आणि पुढे इन्क्विझिशनकरवी २१ सप्टेंबर १७६१ रोजी रोसियोच्या चौकात देहदंड दिला. ते तेव्हा वृद्ध होते आणि कैदेने त्यांचे मनही ढळलेले होते. त्याआधी १७५९ मध्येच येशूसंघाला पोर्तुगाल आणि त्याच्या साऱ्या मुलखातून हद्दपार केले गेले होते. गोव्यातील येशूसंघीयांना पकडून जहाजांनी लिस्बनला नेले आणि त्यांतल्या कित्येकांनी तेजोच्या मुखावरील सांव जुलियांवच्या किल्ल्यात वर्षानुवर्षे अंधारकोठडी भोगली.

याच मंत्र्याच्या कारकिर्दीतील एक गोष्ट आपल्या धर्मग्रामातील वाचकांना विशेष वाटेल. भूकंपानंतर थोड्याच महिन्यांत राज्यातील प्रत्येक धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली गेली. धक्के किती वाजता सुरू झाले, किती वेळ टिकले, समुद्र आधी चढला की आधी ओसरला, जमिनीला भेगा पडल्या काय, विहिरींचे पाणी बदलले काय, माणसे किती दगावली, असे ते प्रश्न होते. खेड्यापाड्यांतील पाद्रींनी आपापल्या परीने उत्तरे लिहून धाडली. आजचे भूकंपशास्त्रज्ञ त्या धक्क्याचे बळ आणि उगम ठरविताना तीच उत्तरे वाचतात. शास्त्राला धर्मगुरूंचा विरोध असे म्हणण्याची आज पद्धत आहे. त्या पद्धतीत हे प्रकरण बसत नाही.

एवढे ठाऊक करून घेऊन पहिला दिवस बायशा भागाला द्यावा. सुरुवात नदीकाठच्या मोठ्या पटांगणापासून करावी. सरकारदप्तरी त्याचे नाव व्यापारचौक असले तरी लिस्बनकर त्यास अजून राजवाड्याचे पटांगण म्हणतात. राजवाडा मात्र १७५५ साली गेला. त्याच्याशेजारी त्याच वर्षीच्या वसंतात उघडलेले भव्य ऑपेरागृह सात महिन्यांत जमीनदोस्त झाले आणि राजाचा मोठा ग्रंथसंग्रहही नष्ट झाला. आपल्या दृष्टीने त्याहून मोठी हानी म्हणजे ‘कासा दा इंदिया’, म्हणजे भारताशी होणाऱ्या साऱ्या व्यापाराची कचेरी, तिच्या कागदपत्रांसह नाहीशी झाली. आपल्या जुन्या इतिहासात एवढी भगदाडे का, असे विचारणाऱ्याने या पटांगणात क्षणभर उभे राहावे. मध्ये दों जुझेचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे, तो १७७५ सालचा. मागची कमान मात्र त्याच्यानंतर शंभर वर्षांनी पुरी झाली.

कमानीतून आत गेले की सरळ रेषेतील रस्ते लागतात. सोनारांचा रस्ता, चांदीकामवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा अशी त्यांची नावे आहेत. ही आखणी मानुएल दा माया या वृद्ध लष्करी अभियंत्याची. भूकंपाच्या वेळी त्याचे वय ऐंशीच्या घरात होते. जुने शहर जसेच्या तसे बांधावे, रस्ते रुंद करून बांधावे, की मोडलेले सारे साफ करून नवेच आखावे, असे पर्याय त्याने महिन्याभरात कागदावर मांडले आणि त्यांतून आजचा बायशा निघाला. घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा बसविण्याची युक्ती याच वेळची. दगडी भिंत भूकंपात फुटते, पण आतला लाकडी सांगाडा वाकून उभा राहतो. नमुन्याचा सांगाडा उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटीत चालविले आणि तो टिकतो की नाही हे पाहिले, असे सांगतात. लातूरच्या १९९३ च्या भूकंपात जड दगडमातीच्या भिंतींनी केवढा घात केला हे ज्यांना आठवते, त्यांना या पिंजऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुपारी कार्मोच्या टेकडीवर जावे. १३८५ मध्ये आल्जुबारोताची लढाई जिंकणारा सेनापती नुनो आल्वारेस परेरा याने चार वर्षांनी कार्मेल मठवासीयांसाठी येथे चर्च बांधावयास घेतले आणि उतारवयात संपत्ती वाटून टाकून तो त्याच मठात साधा बंधू म्हणून राहिला. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यास संतपद दिले. त्याच्या चर्चचे छत १७५५ मध्ये कोसळले ते पुन्हा बांधलेच नाही. कमानी तेवढ्या उभ्या आहेत, वर आकाश आहे आणि खाली गवत आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यातील बिनछपराची चर्चे पाहिलेल्या माणसाला येथे परके वाटणार नाही.

कार्मोवरून उतरून रोसियोच्या कोपऱ्यातील सांव दोमिंगोस चर्चमध्ये मात्र मन घट्ट करून जावे. भूकंपात मोडलेले हे चर्च पुन्हा बांधले गेले आणि १३ ऑगस्ट १९५९ रोजी आगीत जळाले. तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवून वर नुसते छत घातले आहे, आणि त्या होरपळलेल्या खांबांमध्ये रोज मिस्सा होते. परंतु या जागेची खरी जखम आगीची नव्हे. १४९७ मध्ये राजा दों मानुएल याने आपल्या राज्यातील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला होता. १५०६ च्या एप्रिलात, दुष्काळ आणि प्लेग यांनी शहर गांजलेले असताना, या चर्चमध्ये क्रुसावर चमत्कारिक प्रकाश दिसतो अशी हाकाटी झाली. नवख्रिस्ती झालेल्या एका माणसाने तो मेणबत्तीचा उजेड असावा अशी शंका बोलून दाखविली. त्यास तेथेच ठार मारण्यात आले आणि नंतर तीन दिवस शहरात नवख्रिस्तींची कत्तल चालली. दोन हजार माणसे, कदाचित त्याहून अधिक, मारली गेली. जमावाला चिथावणाऱ्यांत दोन मठवासी होते. राजाने त्यांना पुढे देहदंड दिला. चर्चबाहेरच्या लहानशा चौकात २००८ पासून त्या मृतांचे स्मारक आहे. टूरच्या बसमधून ते दिसत नाही.

हे दूर देशीचे जुने प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. याच नवख्रिस्ती कुळांपैकी एक वैद्य, गार्सिया द ओर्ता, १५३४ मध्ये लिस्बन सोडून भारतात आला. मुंबईचे बेट त्याने खंडाने घेतले होते, तेथे त्याची वाडी होती, आणि आपल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो वारल्यावर त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. लिस्बनचे जहाज आपल्याकडे संत घेऊन आले आणि हेही घेऊन आले.

दुसरा दिवस अल्फामाचा. चढ पुष्कळ आहे, पायाखाली गुळगुळीत दगड आहेत. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर ट्रामने वर जाऊन खाली उतरत यावे. १२ व १३ जूनला या बोळांत पाय ठेवायला जागा नसते. संत अंतोनीचा तो सण. रस्तोरस्ती तारल्या भाजतात, दारोदार तुळशीसारख्या सुवासिक रोपाच्या कुंड्या ठेवतात. आपण त्यास पदुआचा संत अंतोनी म्हणतो, पण लिस्बनमध्ये तसे म्हणून पाहावे, लगेच दुरुस्ती होते! सन ११९५ च्या सुमारास कॅथीड्रलपासून हाकेच्या अंतरावर त्याचा जन्म झाला, फेर्नांदो हे त्याचे बाप्तिस्म्याचे नाव. त्या जागी भूकंपानंतर बांधलेले चर्च आहे आणि त्याच्या तळघरात १९८२ च्या मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रार्थना केली होती. शेजारचे कॅथीड्रल ११४७ नंतरचे, म्हणजे दों आफोंसो एन्रीकेसने धर्मयोद्ध्यांच्या मदतीने मूरांकडून शहर घेतले तेव्हाचे. त्याचा पहिला बिशप इंग्रज होता. वरचा किल्ला दृश्यासाठी पाहावा. त्याच्या बहुतेक भिंती विसाव्या शतकात डागडुजी करून उभ्या केलेल्या आहेत, तेव्हा वेळ कमी असल्यास तो वगळला तरी चालेल.

वगळू नये ते सांव व्हिसेंत द फोरा. संत अंतोनी तरुणपणी याच मठात व्रतस्थ होता. मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांसा राजघराण्याच्या शवपेट्या रांगेने ठेवल्या आहेत आणि तेथे राजकन्या कातारिनाचे दफन आहे. मुंबईकरांना ही बाई परिचयाची असली पाहिजे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिचा विवाह ठरला तेव्हा १६६१ च्या करारात मुंबईचे बेट आंदण म्हणून लिहून दिले गेले. लिस्बनमध्ये बसून करार करणाऱ्यांना हे बेट नेमके कुठवर पसरते याची धड कल्पना नव्हती, आणि स्थानिक पोर्तुगीज जमीनदार व गोव्याचा व्हाइसरॉय यांनी ते देण्यास इतकी खळखळ केली की प्रत्यक्ष ताबा १६६५ पर्यंत लांबला. तीन वर्षांनी राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. कातारिनाचा संसार सुखाचा झाला नाही. प्रोटेस्टंट दरबारात कॅथलिक राणी म्हणून तिच्यावर कटाचे आरोपही झाले. विधवा होऊन ती १६९३ मध्ये मायदेशी परतली, काही काळ तिने राज्यकारभारही पाहिला आणि १७०५ च्या अखेरच्या दिवशी ती वारली. मुंबईने तिच्यासाठी काय केले असे मी विचारणार नाही. पण तेथवर गेलेल्या मुंबईच्या माणसाने एक ‘नमो मरिया’ म्हणावयास हरकत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा तिसऱ्या सकाळी सांव रोक चर्चला जावे. बाहेरून ते इतके साधे आहे की कित्येक प्रवासी पुढे निघून जातात. हे पोर्तुगालमधील येशूसंघाचे मुख्य चर्च होते आणि भूकंपातून ते बरेचसे वाचले. याच्या वस्त्रागारात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनावरील वीस चित्रे आहेत, आंद्रे रेनोसो या चित्रकाराची, १६१९ च्या सुमाराची. झेवियर यांना संतपद मिळाले १६२२ मध्ये. म्हणजे त्याच्याही आधी लिस्बनमध्ये ही चित्रे भिंतीवर लागली होती. आपल्या किनाऱ्यावरील माणसे त्या चित्रकाराने कधी पाहिलेली नव्हती, हे चित्रे पाहताना ध्यानात येते.

याच चर्चच्या डाव्या बाजूला योहान बाप्तिस्त्याचे उपमंदिर आहे. राजा दों जुवांव पाचवा याने १७४२ मध्ये ते रोममध्ये बांधून घेण्यास आरंभ केला. लाजवर्दी, अकीक आणि नाना रंगांच्या संगमरवरांनी ते घडविले. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी तेथे मिस्सा अर्पण केली आणि मग ते सुटे करून जहाजांनी लिस्बनला आणले. हा सारा खर्च ब्राझीलच्या सोन्यातून चालला होता. वाचकांनी येथे एक साल आठवावे. वसई पडली ती १७३९ मध्ये, याच राजाच्या अमदानीत. आपले पूर्वज, आपले धर्मगुरू आणि किल्ल्यातील शिबंदी महिनोन्‌महिने वेढ्यात होती तेव्हा लिस्बनच्या तिजोरीत सोने नव्हते असे नाही. १७४१ मध्ये नवा व्हाइसरॉय फौज घेऊन गोव्याला पोचला खरा, पण तोवर वसई गेली होती ती गेलीच. त्या उपमंदिरासमोर उभे राहून सौंदर्याने दिपून जायला हवे हे मला कळते. मला मात्र ते पाहताना आधी आपला किल्ला आठवतो. मराठ्यांनी शरण आलेल्यांना सन्मानाने, चीजवस्तूंसह जाऊ दिले आणि मागे राहिलेल्या रयतेने आपली श्रद्धा राजाश्रयाशिवाय टिकविली, हेही त्याबरोबरच आठवते.

तिसरा दिवस बेलेंचा, आणि तो पूर्ण दिवस असावा. सोमवार मात्र टाळावा. त्या दिवशी मठ आणि बहुतेक संग्रहालये बंद असतात. जुन्या वास्तूंची दुरुस्तीही सतत चालू असते, तेव्हा काय उघडे आहे याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. शहराच्या पश्चिमेला सहा किलोमीटरवर, नदी समुद्राला मिळते तेथे, पूर्वी रेस्तेलो नावाचा किनारा व खलाशांचे छोटे प्रार्थनामंदिर होते. वास्को द गामा १४९७ च्या जुलैत येथूनच निघाला. तो परत आल्यावर दों मानुएल राजाने त्या जागी जेरोनिमोस मठ बांधावयास घेतला आणि त्यासाठी मिरी-मसाल्यावरील करातला विसावा हिस्सा लावून दिला. खांबांवर दगडी दोरखंड, प्रवाळ आणि वेली कोरलेल्या आहेत. आमच्या मलबारच्या मिरीवर तो मठ उभा आहे, असे म्हटले तर ते अलंकारिक होत नाही.

आत शिरताच एका बाजूस गामाची आणि दुसऱ्या बाजूस कवी कामोंइशची कबर दिसते. सारी गर्दी तेथेच असते. वास्तविक आपण पुढे, वेदीच्या बाजूंना जावे. तेथे राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. त्यांतली एक दों जुवांव तिसऱ्याची. याच्याच कारकिर्दीत वसईचा तह झाला, यानेच पोपकडे धर्मप्रचारक मागितले, आणि याच्याच विनंतीवरून इन्क्विझिशन पोर्तुगालात आले. त्या हत्तींवर एवढे ओझे आहे.

याच्या बोलावण्यावरून फ्रान्सिस झेवियर १५४० च्या जूनमध्ये लिस्बनला पोचले. जहाजाची वाट पाहत नऊदहा महिने ते येथे राहिले आणि ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ‘सांतियागो’ जहाजावर चढले. गोव्याला पोचायला तेरा महिने लागले. अडतीस वर्षांनी, ४ एप्रिल १५७९ रोजी, याच नदीतून तिशीच्या आसपासचा एक इंग्रज येशूसंघीय निघाला. त्याच्या देशात त्याचा धर्म आचरणे हा गुन्हा ठरत होता. २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला आणि त्याने वडिलांना त्या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. पुढे त्याने आपली भाषा शिकून तिच्यात दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. बेलेंच्या काठावर १९६० साली उभारलेले शोधयात्रींचे भले मोठे दगडी स्मारक आहे. त्यावर राजपुत्र, खलाशी, धर्मप्रचारक अशा तीसेक मूर्ती आहेत आणि झेवियरही आहेत. स्टीफन्स मात्र नाहीत, आणि ज्या गुलामांच्या खांद्यावर ते वैभव उभे राहिले त्यांच्यातलाही कोणी नाही. सालाझारच्या हुकूमशाहीतले ते काम आहे आणि तसेच ते दिसते.

बेलेंचा बुरूज बाहेरून पाहिला तरी पुरे. त्याच्या एका कोपऱ्याखाली, पावसावाऱ्याने झिजलेले, गेंड्याचे डोके कोरलेले आहे ते मुलांना शोधायला सांगावे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला भेट दिलेला हा गेंडा १५१५ च्या मे महिन्यात जिवंत लिस्बनला पोचला होता. तिथून पोपना नजराणा म्हणून पाठविला असता जहाज बुडून तो मेला.

चौथा दिवस उरला तर सकाळी शहराच्या पूर्वेकडील अझुलेजू फरशांच्या संग्रहालयात जावे. सुमारे १७०० सालचा, तेवीस मीटर लांबीचा निळ्यापांढऱ्या फरशांचा एक पट तेथे आहे. त्यावर भूकंपापूर्वीचे सारे लिस्बन, राजवाडे, चर्चे, धक्के आणि जहाजे रांगेने रंगविलेली आहेत. तीन दिवस मोडलेल्या शहरात हिंडल्यावर तो पट वाचता येतो. पहिल्या दिवशी नुसती सुंदर फरशी दिसली असती.

ज्यांना कागदांची आवड आहे त्यांनी ‘तोर्रे दो तोंबो’, म्हणजे राष्ट्रीय दप्तरखाना, निदान बाहेरून पाहून यावा. हा पूर्वी किल्ल्याच्या बुरुजात होता. १७५५ मध्ये बुरूज पडला, पण कागद ढिगाऱ्यातून काढून लाकडी खोपटात हलविले गेले. ते काम करवून घेणारा दप्तरप्रमुख म्हणजे तोच मानुएल दा माया, ज्याने नवे शहर आखले. व्यापारकचेरीचे कागद जळाले आणि हे वाचले, त्यात या म्हाताऱ्याचा वाटा मोठा. गोव्याच्या सरकारदप्तरातील पत्रव्यवहाराचे काही जुने खंडही पुढे तेथे नेण्यात आले. बाकीचे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. आपल्या वसईच्या तरुणांपैकी एखाद्याने पोर्तुगीज शिकून पणजीपासून सुरुवात केली तर त्याला लिस्बनचे तिकीट काढण्याचे खरेखुरे कारण मिळेल. घारापुरीच्या लेण्यांतील शिलालेख पोर्तुगीजांनी वाचण्यासाठी पोर्तुगालला नेला आणि तो हरवला, असे त्यांच्याच बखरकाराने लिहून ठेवले आहे. शोधण्यासारखे अजून पुष्कळ आहे.

शेवटच्या संध्याकाळी काईस दो सोद्रेच्या धक्क्यावरून पलीकडे कासिलियासला जाणारी साधी प्रवासी बोट पकडावी. पलीकडच्या टेकडीवर १९५९ सालचा ख्रिस्तराजाचा पुतळा आहे. देश दुसऱ्या महायुद्धाच्या झळीतून वाचावा म्हणून बिशपांनी केलेल्या नवसाचा तो आहे. जाताना मात्र पुतळ्याकडे नव्हे, मागे पाहत बसावे. जहाजाच्या पाठीमागच्या फळीवरून निघणाऱ्यांना शहर असेच दिसत असे: पाण्याला लागून पटांगण, उजवीकडे अल्फामाची उतरण आणि वर किल्ला, डावीकडे उंचावर कार्मोच्या छत नसलेल्या कमानी. पोचायला दहा मिनिटे लागतात. झेवियर यांना गोव्यात पोचायला तेरा महिने लागले होते.